केतांच्या पोराला बोलतं करताना

तेने, तुझ्या नातवाला देवाने तोंड दिलंय ते काय फक्त जेवायला? अख्ख्या बामाकोत त्याला बोलायला शिकवणारं कुणी भेटलं नाही, म्हणून माझ्या गळ्यात बांधलास? आणि वर निरोप काय, तर पोरगं हुशार आहे, जरा मितभाषी आहे एवढंच. मितभाषी! अगं, आमची विहीर त्याच्यापेक्षा जास्त बोलते. तिच्यात हाक मारली तर निदान तीच हाक परत तरी येते.

(कुणी मेलेलं नाही, छाती धरू नकोस. विचारपूस सोडून सुरुवात केली ती रागाने केली.)

आता रीतसर. केतांच्या घरची तेने, माझ्या उखळाची जोडीदारीण, चवळीखाऊ घराण्यातली सगळ्यात खादाड बाई, तुला सेगूहून न्यागाले कुलिबालीचा सलाम. झोप लागली ना? घरातले सुखरूप उठले ना? लेक कशी, सून कशी, सुनेची आई कशी, गल्लीतले लोक कसे, शेजारणीचा दमा कसा? तुझे गुडघे कसे, आणि गुडघ्यांच्या वरची बाकीची तू कशी? इकडे सगळं क्षेम, शांतताच आहे. मागची भिंत पावसात बसली, एक बकरी मेली, माझा डावा कान आता शोभेपुरता उरलाय, पण शांतता आहे.

तर तुझा फामोरी. आमच्या न्जीदादाची नात साफियातू तिकडे बामाकोत दवाखान्यात नोकरीला, आणि ह्याचं मन तिच्यावर. तिचंही ह्याच्यावर (का, ते तिलाच ठाऊक). मागणीच्या कोलाच्या बिया मध्यस्थाच्या हातून जातात, ते सगळं होईल रीतीने. पण दादाचा हट्ट तुला माहीत आहे, आधी पोराने येऊन त्याच्यासमोर बसायचं. चहाचे तिन्ही प्याले संपेपर्यंत जो माझ्याशी बोलू शकत नाही, तो माझ्या नातीशी अख्खा जन्म काय बोलणार, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. माझ्या थोरल्या जावयाला कुणी असं बसवलं असतं तर माझी लेक आज भिंतीशी बोलत बसली नसती.

फामोरी आला त्याच दिवशी, मी बाजारात असताना, मला न विचारता एकटाच दादाच्या घरी गेला. अंगणात शिरला तो थेट म्हाताऱ्यापुढे, आणि म्हणाला, "आजोबा, एक महत्त्वाचं बोलायचं आहे." झोप लागली का नाही, घरचे कसे नाही, काही नाही! आता तूच सांग, आपल्याकडे असं कोण शिरतं? मृत्यूची खबर आणणारा. दुसरं कोणीच नाही. सगळं अंगण थिजलं. थोरल्या सुनेच्या हातातलं मुसळ तसंच वर राहिलं. तिने कसंबसं विचारलं, "कुणाचं?" आणि ह्या शहाण्याने मान खाली घालून, लाजून सांगितलं, "साफियातूचं."

मी बाजारातून परतत होते, तर रडण्याचा आवाज नदीपर्यंत. शेजारी चटया घेऊन धावलेले, एक जण इमामांना बोलवायला गेलेला, बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून फेकलेले, आणि मध्यभागी तुझा नातू उभा, घाबरून सगळ्यांना पाणी देतोय. त्या गोंधळात खुद्द साफियातूचा फोन आला. थोरल्या सुनेने आवाज ऐकला आणि फोन भाताच्या पातेल्यात टाकला. (निघाला बाहेर. चालतो अजून, फक्त मधूनमधून बुडबुडे आल्यासारखं वाटतं.)

दादाने मात्र त्यातूनही बाजू सावरायला बघितलं. मोठ्या मनाचा आहे माझा भाऊ. डोळे पुसून तो फामोरीला म्हणाला, "चवळीखाऊ केता, माझं घर रडवलंस, आता चवळी मागायला आलास होय रे?" म्हणजे वाट करून दिली होती गं! कुलिबालीने केताला चिडवायचं, केताने कुलिबालीला आपला गुलाम म्हणायचं, दोघांनी हसायचं, की मागचं सगळं धुतलं जातं. लंगोटातल्या पोरालाही हे येतं. आणि तुझा नातू हात जोडून काय म्हणाला? "क्षमा करा आजोबा, मला चवळी सोसत नाही. पित्त होतं." दादा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा आण, आणि हीच शेवटची वेळ.

मी पोराला विचारलं, बाळा, बोलणं शिकलास कुठे? तर म्हणे फोनवर. कुणी तरी कोट घातलेला माणूस त्यात शिकवतो की समोरच्याच्या डोळ्यांत बघा, त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्या, मन उघडणारे प्रश्न विचारा. मी म्हटलं, बरं, जा आणि कोपऱ्यावरच्या सुक्या मासळीवाल्या बाईशी बोलून ये. हा गेला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "मावशी, आयुष्यात तुम्हाला खरा आनंद कशातून मिळतो?" ती बाई मासळी टाकून माझ्याकडे आली. म्हणाली, न्यागाले, तुझ्या पाहुण्याला ताप आहे, कडुनिंबाचा काढा दे.

मग मी त्याला माझ्याबरोबर ओट्यावर शेंगा सोलायला बसवलं. फोन कणगीत. नियम एकच, जो जाईल त्याला विचारायचं, आणि त्याने उत्तर दिलं की पुढचं विचारायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. पहिल्या दिवशी घरचे कसे विचारून हा गप्प. मी म्हटलं, घरचे बरे आहेत म्हणाला ना, मग बैल कसे विचार, विहिरीला पाणी किती विचार, सासऱ्याचं ते भांडण मिटलं का विचार. पोरगं म्हणालं, "आजी, पण ह्या सगळ्याचा मला काय उपयोग?" मी म्हटलं, तुला नाही रे, त्याला. त्याला कळतं की त्याचे बैल कुणाच्या तरी लक्षात आहेत.

हे बोलले आणि मला आमचा बाकारी, माझा नवरा, आठवला. (देव त्याला गारवा देवो, आणि तिकडे जरा कामाला लावो.) शेतावर निघाला की वाटेत एकेकाला विचारायला सुरुवात करायचा, आणि विचारता विचारता पुढे निघून जायचा, मागे वळून न बघता. तो इकडे चाललेला, तो दुसरा तिकडे, पाठीला पाठ, आणि दोघांचं चालूच. बायको कशी? शांतता आहे. पोरं कशी? शांतता आहे. शेवटी शब्द ऐकूच यायचे नाहीत, नुसता सूर यायचा बाजरीतून. त्याच्यामुळे आमची पेरणी नेहमी सगळ्यांच्या मागून व्हायची. मी रोज शिव्या घालायचे. आता त्या वाटेवरून पोरं फटफटीवर जातात, एक हात वर करतात, की झालं.

आणि आपण दोघी एका उखळात कांडायचो ते? तुझं मुसळ खाली, माझं वर, माझं खाली, तुझं वर, आणि त्या तालावर अख्ख्या गावाची सालं काढायचो. तुझ्या सासूबद्दल जे बोललो ते तर इथे लिहितही नाही. बाजरी संपायची, बोलणं संपायचं नाही, मग तू कांडलेल्यातच पुन्हा कोंडा टाकायचीस की अजून थोडं काम राहावं. आता गिरणी आहे. पीठ चांगलं येतं. गेल्या सणाला तू फोनवर विचारलंस बरी आहेस ना, मी म्हटलं हो, आणि तू ठेवलास. फोनवाल्या कोटवाल्याने तुलाही शिकवलंय की काय?

असो. बाजारचा दिवस आला. मी फामोरीला घेऊन गेले. ह्या वेळी त्याने विचारपूस केली, आणि अशी केली की दादाच्या मेलेल्या गाढवापर्यंत पोचला. पहिला प्याला कडू, तोवर ठीक. दुसऱ्या प्याल्याला दादाने डाव टाकला. म्हणाला, "केता, तू परत का आलास? मागच्या वेळी चवळी मिळाली नाही म्हणून?" मी मनात म्हटलं, पित्ताचं नाव काढलंस तर इथेच उखळात घालीन. हा प्याला खाली ठेवतो, अंगण बघतो, चूल बघतो, आणि शांतपणे म्हणतो, "नाही गुलामा. ऐकलं की तुझ्या घरात चवळीला तोंडं फार झालीत. मालक म्हणून माझं काम आहे, एक तोंड कमी करायला आलोय. साफियातूला घेऊन जातो."

स्वतःच्या तोंडाने स्वतःची मागणी! मध्यस्थ नाही, कोला नाही! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काठी बसली असती. पण थट्टेत बोललेलं, काठी उचलणार कशी? दादा खोकला, चहा नाकात गेला, आणि असा हसला की सुना बाहेर आल्या. वहिनी गेल्यापासून त्या अंगणात ते हसणं कुणी ऐकलं नव्हतं. तिसरा प्याला गोड असतो, पण तो प्यायला कुणाला शुद्ध होती?

तरीही सांगते, मुलगा अजून कच्चा आहे. दादाने हो म्हटलेलं नाही. आणि पुन्हा म्हणून नातवंड माझ्याकडे पाठवू नकोस, मी थकले.

तुझी,
न्यागाले

ता. क. दादाने हो म्हटलंय. काल. मला एवढ्यात सांगायचं नव्हतं, तू लगेच शेफारशील.

आणखी एक. फामोरीला अजून थोडे दिवस ठेवून घेते. शेंगा बऱ्याच राहिल्यात. (शेंगा माझ्या नाहीत, शेजाऱ्यांकडून आणल्यात.)

शेवटचं. दादाची अट आहे की लग्नाचं बोलायला केतांकडून असं माणूस यावं जे त्याला दिवसभर पुरून उरेल. असं माणूस तुमच्याकडे एकच आहे, आणि गुडघ्यांचं कारण मी ऐकणार नाही, बस दारापर्यंत येते. उत्तर तुझ्या लेकीने द्यायचं नाही, सुनेने द्यायचं नाही, फोनवर तर मुळीच नाही. तू द्यायचंस, माझ्या ओट्यावर बसून.