चौथ्या झोपडीची वाफ

म्योबान, बेप्पू
३ ऑक्टोबर १९५९

ती. तोकुजीदादास,
फुसाएचा सा. न. वि. वि.

ओसाकाला गेल्यापासून तू पत्रात फक्त बरा आहे एवढंच लिहितोस. एवढं तर आपलं मांजरही सांगतं.

इकडे बाबांची तब्येत ठणठणीत आहे, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. आपल्या चौथ्या झोपडीत फुलं धरेनात, म्हणजे न्हाणीत घालायचे ते वाफेवर उगवणारे क्षार. चाळीस दिवसांत फरशीवर पेरभर उंच स्फटिक उभे राहायचे, ते आता मिठाच्या कणाएवढेही नाहीत. बाबा म्हणतात चिखल बिघडला. डोंगरातला वाफेनं कुजलेला दगड खणून आणतात, त्याचा निळा चिखल मळतात, दगडी फरशीवर थापतात, दोन दिवसांनी सगळं उखडून पुन्हा थापतात. जेवताजेवता उठून झोपडीत जातात, फरशीला तळपाय टेकवून येतात, परत जातात. शेजारच्या उमेझोकाकांनी तर विचारलंच, की मोचीसाठी भात कुटायला घेतलास का. बाबा हसले नाहीत. माझा हात गेला, कसब राहिलं नाही, एवढंच मला म्हणाले.

बाकी, वरच्या टेकाडावर नवं हॉटेल होतंय. त्यांनी खोल नळी पुरलीय, ती दिवसभर शिट्टी मारते. डोकं उठतं.

लोभ आहे तसा राहू दे, पत्रं तेवढी लांब कर.
तुझी फुसाए

ओसाका
१० ऑक्टोबर

चि. फुसाएस, अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. आजोबांनी ते टेकाड माझ्या नावावर केलं होतं, आठवतं? वसंतात हॉटेलवाले इथे आले. वाम माशाचं जेवण घातलं, गोड बोलले, न्हाणीघरांना गरम पाणी हवं म्हणाले. मी परवानगीच्या कागदावर शिक्का मारला. एवढा डोंगर धुमसतो, त्याला एक नळी काय जड, असं वाटलं. झोपड्यांना तीच वाफ येते हे डोक्यातच आलं नाही. वाफेवर वाढलेला मुलगा मी, आणि ही अक्कल.

बाबांना सांगू नकोस. ते मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

जमल्यास पूर्वीइतकीच माया कर.
तुझा दादा

म्योबान
१८ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

काल झोपडीवाल्यांची बैठक आपल्याकडे झाली. बाबांनी सगळ्यांपुढे जमिनीला कपाळ लावलं आणि म्हणाले, माझा हात गेला, नववर्षाला देवापुढे ठेवायची मानाची फुलं यंदापासून उमेझोच्या झोपडीतली असू द्यात. कोणी नको म्हणालं नाही. मी चहा ओतत होते, तो माझ्याच हातावर सांडला.

दादा, मला तुझा फार राग आला आहे. तुझी चुगली मी करणार नाही. पण आठ दिवसांत तू बाबांना लिहिलं नाहीस, तर तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवीन. चूक तुझी, आणि मान त्यांची खाली, हे मला बघवत नाही.

रागावले तरी तुझीच,
फुसाए

म्योबान
२९ ऑक्टोबर

चि. तोकुजीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फुसाए वाचून दाखवते म्हणाली, पण मीच वाचलं. फाडून टाकणार होतो. मग तेच घेऊन उमेझोकडे गेलो, बाकीच्यांनाही बोलावलं आणि सगळं वाचून दाखवलं. तुझं नाव खराब झालं. माझा हात मात्र बिघडलेला नाही हे सगळ्यांना कळलं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मलाच माझी लाज वाटली. बापाला असा आनंद होऊ नये.

हॉटेलची नळी आता निघत नाही. पण खाली ओढ्याकाठी जमीन तापू लागली आहे. तळहात टेकवून पाहिला, वाफ चांगली आहे. तिथे नवी फरशी घालायची. चिखल मी बघतो, दगड मात्र माझ्याच्यानं उचलवत नाहीत.

मी रागावलो आहे. तो राग ओसरायची वाट बघत बसू नकोस, ये.

तुझा बाप