लाल पट्टी, हिरवी पट्टी

सोम., ३ जून
डेटाबेसच्या टूलची नवी आवृत्ती आली. खिडकीच्या वर सर्व्हरचं नाव ठळक असायचं, ते गेलं. आता नुसती रंगीत पट्टी. लाइव्हला, म्हणजे खऱ्या डेटाला, लाल; सरावाच्या टेस्टला हिरवी. नाव खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं, तेही अर्धं कापलेलं. आमच्या दोन्ही सर्व्हरची नावं अर्ध्यापर्यंत सारखीच.
सुधारणा सुचवली होती आमच्याच सेंथिलने. टीम लीड, माझ्यापेक्षा बराच लहान. टूलवाल्यांनी मान्य केली म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या. "सूपरा इरुक्कु, इल्ल सार?" भारी आहे ना, सेंथिल तमिळमध्ये विचारत होता. हो बाबा, सुपर. मीही वाजवल्या.
मला दोन्ही पट्ट्या चिखलाच्या रंगाच्या दिसतात.

गुरु., ६ जून
युक्ती काढली होती. लाइव्ह डावीकडच्या मॉनिटरवर, टेस्ट उजवीकडे. आज मशीन रिस्टार्ट झालं आणि खिडक्यांनी जागा बदलल्या. टेस्टमधल्या जुन्या नोंदी उडवायला बसलो. "नक्की डिलीट करायचं?" एवढंच विचारतं. कुठलं, ते विचारायची पद्धत नाही. नोंदींचा आकडा भलताच मोठा वाटला म्हणून थांबलो.
लाइव्ह होतं. नाही म्हटलं आणि खिडकीच बंद केली.
ऑफिस ते घर, सिरुसेरी ते तांबरम, बसमध्ये डोळे मिटून. झोप नाहीच.

शुक्र., ७ जून
टूलवाल्यांच्या साइटवर सूचना टाकली. १) सर्व्हरचं नाव परत वर, ठळक. २) डिलीटच्या प्रश्नातही नाव. कारण: "स्पष्टतेसाठी". कुणाच्या स्पष्टतेसाठी, ते नाही लिहिलं.

सोम., १० जून
उत्तर आलं. गोड भाषेत. रंग आहेतच, वापरणारे खूश आहेत, तरी आणखी लोकांनी पाठिंबा दिला तर बघू. म्हणजे टीममध्ये मतं मागत फिरा. का हवंय विचारलं तर काय सांगू?
शेजारच्या टीममधून परवाच दोघांना काढलं. दोघंही माझ्याच वयाचे.

मंगळ., ११ जून
झालं. शनिवारी लाइव्हची मोठी साफसफाई, आणि ती माझ्याकडे. "यू आर द मोस्ट केअरफुल, सार." सेंथिल मनापासून म्हणाला, हेच वाईट.
रात्री बायकोला, मेधाला, सगळं सांगितलं. "लाइव्ह म्हणजे नक्की काय रे?" लोकांचा खरा डेटा. टेस्ट म्हणजे आमची सरावाची नक्कल. "आणि तुला दोन्ही सारखंच दिसतं?" हो. "मग सांग ना त्यांना! मी नाही का तुला पिकली केळी निवडून देत?"
तिचं सोपं असतं.
रेल्वेभरतीच्या मेडिकलला मला ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही, तेव्हा दादा, माझे वडील, बाहेर बाकावर बसले होते. स्वतः इंजिन ड्रायव्हर. मनमाडला घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कुणाला सांगितलंच नाही. या नोकरीत कुणी विचारलंही नाही.

गुरु., १३ जून
दोन दिवस सुट्टी टाकायचा विचार. ताप, पोट, काहीतरी. पण मग टीममधल्या भुवनाच्या गळ्यात पडेल, आणि तिला येऊन वर्षही नाही झालं. आणि पुढच्या शनिवारी काय?
कंटाळा आला या लपवाछपवीचा. फार कंटाळा.
सूचनेखाली खरं कारण लिहिलं. मला लाल-हिरवा फरक दिसत नाही, गेल्या आठवड्यात लाइव्ह उडवता उडवता राहिलं. खाली माझं पूर्ण नाव. लिंक टीमच्या ग्रुपवर टाकली आणि फोन उशीखाली.

शुक्र., १४ जून
 सकाळी सूचनेखाली भुवनाचा पाठिंबा आला होता, पहिला. दुपारी सेंथिल टेबलापाशी. "सार, व्हाय यू डिडंट टेल?" चिडला नव्हता. बावरला होता. "माय ओन आयडिया, सार..." त्यालाच समजावत बसलो. उद्याचं काय, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

शनि., १५ जून
गेलो. सेंथिल आधीच आलेला, माझ्या शेजारी खुर्ची ओढून. प्रत्येक डिलीटच्या आधी पट्टी बघून मोठ्याने सांगायचा. "लाइव्ह, सार." मग मी बटण दाबायचो. दुपारपर्यंत आटोपलं, एक चूक नाही. त्याने फिल्टर कॉफी पाजली.
निघताना म्हणाला, सोमवारी अकराला तुम्हाला बोलावलंय. एच.आर. पण असेल. "नथिंग सीरियस, सार." हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

रवि., १६ जून
टूलवाल्यांचा निरोप: "विचाराधीन."
जेवण गेलं नाही. मेधा म्हणाली, कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवलं ना, मग झालं तर. दर वेळी कोण बसणार, मी विचारलं. ती कपाटातून शर्ट काढायला उठली.
उद्यासाठी शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. फिका हिरवा, म्हणाली. असेल.