पाडीला दिलेल्या कॅप्सूल

४ जानेवारी ८४, सावर्डे
माझ्या गुरांच्या दवाखान्यात जुलाबाचं औषध संपलेलं. मागणीपत्र जाऊन महिना झाला, वरच्या कचेरीत सगळे झोपलेत. गंगावहिनींची पाडी हगवणीनं आडवी. वहिनींनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. नवरा मुंबईत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला, तिथला टाकाऊ माल. क्लोरॅम्फेनिकॉल, माणसांच्या कॅप्सूल. मी दोन फोडून पेजेच्या पाण्यातून पाजल्या. दुसरं काय करणार होतो?

७ जाने.
पाडी उठली. वहिनींनी शहाळं दिलं. मीही खूष, खोटं कशाला.

१९ फेब्रु.
वहिनींकडे डोकावलो. नलूला, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, सर्दी. माझ्यादेखत डब्यातली कॅप्सूल दिली. विचारलं तर,
"तुमीच तं पाडीला दिलात. वासराला चालली ती पोरीला नाय चालायची?"
शिंक आली की एक, पोट दुखलं की एक. शेजारणीलाही मूठभर. धसकाच बसला. सांगितलं, हे टायफॉईडसारख्या दुखण्याचं औषध, डॉक्टरनं लिहून दिलं तरच. एखाद्याचं रक्त तयार होणंच बंद पडतं. मान डोलावली, डबा परत फळीवर. उचलून आणायला हवा होता. चहा पिऊन आलो.

११ मार्च
नलूच्या हिरड्यांतून रक्त. मांड्यांवर निळे डाग, कुठे पडली नाही, आपटली नाही. रत्नागिरीला इस्पितळात नेली.

१२ मार्च
रत्नागिरी. काय काय औषध दिलं, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर वहिनींनी माझं नाव सांगितलं. कौतुकानं! डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी तिला कधीच दिली नाही, हे म्हणता आलं असतं. खरंही होतं. पण...
रक्त चढवतायत. हाडातला मगज तपासायला घेतलाय. कॅप्सूलनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले. तेवढ्यानं मला बरं वाटलं. स्वतःची शिसारी आली.

१५ मार्च
परत सावर्डे. नलूचा बाप एस्टीतून उतरून थेट माझ्या दवाखान्यात. रत्नागिरीला जायच्या आधी माझ्याकडे. हातात नवा डबा, त्याच कॅप्सूलनी काठोकाठ.
"तुमच्याकडं औषध नसतं, असं हिनं कळवलंन. म्हनून आनल्या. पोरीकडं जरा लक्ष ठेवा, डाक्टर."
ओरडणार होतो. त्याचा चेहरा बघून जमलं नाही. मगजाचा निकाल अजून नाही.

१६ मार्च
निकाल नाही. डबा टेबलावर तसाच.
सकाळीच बोलावणं, खालच्या वाडीत रेडकाला हगवण. औषधांचं कपाट उघडून पाहिलं. रिकामं.