लंबकर्ण मंडळाचा अकरावा नियम

दि. ९ डिसेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांच्याहून जास्त कुरकुरते, असं तुमचे दादा म्हणायचे.

मंडळाला पन्नास वर्षं होतायत, तुम्ही अध्यक्ष झालात, आणि स्मरणिकेसाठी इतिहास माझ्याकडून हवाय. घ्या.

शाळेला आग लागली, तेव्हा तुमच्या दादांनी गिऱ्हाइकांचं सुतारकाम बाजूला ठेवून नवे बाक केले. शिंपी, कंपाउंडर आणि आणखी चौघांना घेऊन ते पाठीवरून वाहिलेसुद्धा. हेडमास्तर म्हणाले, "अरे गाढवांनो, दोन घास तरी खाऊन घ्या!" सातही जणांना हे नाव असं आवडलं, की शिंप्याने आठवड्यात लांब कानांच्या सात टोप्या शिवल्या. नव्या सभासदाने टोपी घालून भर सभेत गाढवासारखं ओरडायचं. तुम्ही आलात तेव्हा शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली होती.

धिंगाणा घालायचा आणि कुणाचं तरी ओझं वाहायचं, एवढंच मंडळाचं काम. दादा इस्पितळातल्या पोरांसाठी कुबड्या करायचे. प्रत्येक मुठीवर इवलंसं गाढव कोरायचे. "पोर आधी हसतं, मग उभं राहतं," म्हणायचे.

इथपर्यंत छापा. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

तुम्ही लिहिलंत, आजारपणात दादांना मंडळाचा विसर पडला. विसर? अर्धांगवायूनंतर वार्षिक सभेत आभाराची चार वाक्यं बोलायची, म्हणून महिनाभर आरशापुढे बसून घोकत होते. ओठ वाकडा, जीभ जड, तरी बोलले. ते खाली बसतात न बसतात, तोच तुम्ही व्यासपीठावर चढलात आणि तोंड वाकडं करून तीच चार वाक्यं म्हणून दाखवलीत. सभागृह हसून लोळलं.

पहिल्या वाक्याला मीही हसले. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तीन वर्षं, अगदी जाईपर्यंत, ते माझ्याशी पाटीवर लिहून बोलले. तुमच्यावर माझा राग आहे, भावजी, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

समारंभात दादांच्या हातचे मूळ नियम मी वाचून दाखवावेत, म्हणता. वाचते की! तुम्ही ते कधी वाचलेले दिसत नाहीत, नाहीतर असं धोंडा पायावर पाडून घेतला नसतात. अकरावा नियम ऐका: "ज्याची थट्टा कुणाच्या जिव्हारी लागेल, त्याने भर सभेत टोपी चढवावी. दुखावलेला माणूस मनापासून हसेपर्यंत ती घरीदारी कुठेही उतरवू नये. अध्यक्षालाही सूट नाही."

सातांपैकी शिंपी आणि कंपाउंडर उरलेत. दोघांशी बोलून झालंय. त्यांच्या शब्दाबाहेर सभा जायची नाही. काचेच्या पेटीत ठेवायला दादांची टोपी मागितलीत ना? ती घेऊन येते, पण पेटीसाठी नव्हे. तुमचं डोकं मोठं, म्हणून शिंप्याने शिवण उसवून सैल केली आहे.

दुसरी टोपी त्याने माझ्या मापाची शिवली. ती मी घरूनच घालून येईन.

उतरवायची कधी, ते नियमात लिहिलंच आहे. तुम्ही एवढे विनोदी, बघा तुमच्या दादांना हसवता येतं का.

तुमच्याबरोबर हसलेली,
वहिनी