वलणीवरचं लुगडं

कार्तिक वद्य ५, सन १९३१. दिवेलागणीची वेळ.

वाचनालयातली ती पछाडलेल्या घराची कादंबरी आज तिसऱ्यांदा संपवली. का वाचतोय मी हे? वर्गात पोरांना सांगतो, भूतबीत काही नसतं, आणि घरी येऊन हे!

मघाशी घरमालकीण डोकावल्या. "मास्तर, बायकू जाऊन तीन म्हैनं बी न्हाय झालं, अन् असलं भुताचं वाचता व्हय? भ्या न्हाय वाटत?"

नाही वाटत. तेच तर छळतंय.

काशी पंचकात गेली. भटजींनी घर तीन महिने बंद ठेवायला सांगितलं आणि मी, एवढा शिकलेला, मुकाट्यानं शुक्रवार पेठेतल्या घराला कुलूप घालून या भाड्याच्या खोलीत आलो. गडबडीत तिचं हिरवं लुगडं वलणीवरच राहिलं. सकाळी तिनंच वाळत घातलं होतं. संध्याकाळी पटकीनं गेली. लुगड्यासाठीसुद्धा परत आत जाऊ दिलं नाही.

कादंबरीत शेवटी कुलूप काढतात तेव्हा आत कुणीतरी उभं असतं. लोक त्या पानाला घाबरत असतील. मी ते चारचारदा वाचतो. बंद घरात माणूस आपली वाट बघत थांबतं, असं दुसऱ्या कुणीच मला सांगितलं नाही.

उद्या पंचकाची शांत. मग घर उघडायचं. भटजी म्हणाले, "निर्धास्त राहा मास्तर, आत काही उरणार नाही."

भीती वाटते ती त्याचीच. उद्या कुलूप काढीन आणि आत नुसतं लुगडं असेल. कधीचं वाळलेलं.