आमच्या वाचनालयाची तपासणी

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
(जिल्हा लिहिताना अजून हात परभणीकडं वळतो)
फेब्रुवारी २००५

आदरणीय दादा,

धाकट्या संध्याचा तुम्हाला आणि वहिनींना सविनय जयभीम. आयुषला आशीर्वाद, त्याचा दहावीचा अभ्यास कुठवर आला ते कळवा. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडं सगळ्यांचं बरं आहे. सासूबाईंचा खोकला गेला, तूर घरात आली, तुमचे दाजी तुमची आठवण काढतात. थकले आहे ती मी एकटीच, तेही अंगानं नाही, वाचनालयानं.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की आता अनुदान मिळतं तर तक्रार कसली? त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

लग्नात तुम्ही दिलेली पुस्तकांची पेटी मी हौसेनं ओसरीवर उघडली. बाया-पोरी पुस्तकं न्यायला लागल्या. तिथंच थांबले असते तर सुखात राहिले असते. पण कुणीतरी सांगितलं की याला सरकार अनुदान देतं. दाजी सचिव झाले, मी ग्रंथपाल झाले, प्रस्ताव परभणीला गेला आणि जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. परभणीत म्हणायचे, कागद हिंगोलीला गेले. हिंगोलीत म्हणायचे, बाई, कागद येतील हो, आधी टेबलं तर येऊ द्या. (खोटं नाही. एक बाबू खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सह्या करत होते.) दाजींनी जीपच्या मागच्या फळीवर बसून इतक्या खेपा घातल्या की ड्रायव्हर हिरासिंग त्यांना 'सचिवसाब' म्हणायला लागला. दोन वर्षांनी मंजुरी आली. ड वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा.

गावात मात्र बातमी अशी पसरली की संध्याबाईला सरकारनं पैसे दिले. चुलतसासरे मोटार दुरुस्तीला उसने मागायला आले. वरच्या आळीचे लोक लग्नाला खुर्च्या मागायला आले. मी सगळ्यांना नाही म्हटलं, पुस्तकांचे पैसे पुस्तकांवरच जातील म्हणून सांगितलं. सासूबाईंनी एकदा वाचनालयाच्या टेबलावर पापड वाळत घातले होते, तेसुद्धा उचलायला लावले. तेव्हापासून त्या मला 'ग्रंथपालबाई' म्हणतात, आणि भाकरी वाढतानाही म्हणतात.

मग तपासणी आली. मागच्या उन्हाळ्यात जिल्ह्याहून एक साहेब आले. कपाट उघडलं तर आत फक्त शब्दकोश आणि उंदराची गोळी. साहेब म्हणाले, पुस्तकं कुठं आहेत? मी अभिमानानं सांगितलं, वाचायला नेलीत. उन्हाळा आहे, शेतात काम नाही, सगळं गाव वाचून राहिलंय. साहेबांनी शेरा लिहिला, 'पुस्तके आढळली नाहीत.' पुढच्या तपासणीत आढळली नाहीत तर मान्यता रद्द, असंही सांगून गेले. दादा, त्या दिवशी मी जेवले नाही.

म्हणून यंदा साहेब येणार असा एसटीडीवर निरोप आला तशी मी घरोघर फिरले. जळबाकडं शेळीपालनाचं पुस्तक होतं. तो म्हणाला, "शेळी आजारी हाय ताई, पुस्तक गेलं तं औषध कोन सांगल?" अखेर पुस्तक दिलं, पण शेळीला काही झालं तर माझ्यावर, असं दोन माणसांसमोर बोलून दिलं. मंजुळाबाई सगळ्यांत कठीण. तिला स्वतःला वाचता येत नाही, सून रोज वाचून दाखवते. एक जाडजूड कादंबरी चालू होती. मी हात पुढं केला तर तिनं पुस्तक लुगड्याखाली घेतलं. "त्या पोरीचं मोडलेलं लगीन आता कुठं जुळून राहिलं, अन् तुमी पुस्तक न्यायला आलात? काहून असं करता?" साहेब गेले की त्याच दिवशी परत देते, असं वचन दिलं तेव्हा सुटलं. हेच वचन मी गावभर वाटून आले होते.

तपासणीच्या दिवशी कपाट असं भरलं होतं की दार लागेना. प्रत्येक पुस्तकाला नवं कव्हर, त्यावर नंबर. साहेब आले, पाणी प्याले, कपाटाकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी देतात. ते म्हणाले, "बाई, एकही पुस्तक बाहेर नाही? म्हणजे गावात कुणी वाचतच नाही." आणि पेन काढलं. दाजी तर खांबाला टेकून खालीच बसले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "गेला का गं सायब?" मंजुळाबाई! तिच्या मागं जळबा, त्याच्या मागं सगळी आळी, अंगणापासून रस्त्यापर्यंत. साहेबांची जीप उभी दिसत असूनही कुणाला धीर धरवला नाही. साहेबांनी विचारलं, हे काय? मी खरं ते सांगून टाकलं. मंजुळाबाईनं तर सरळ कपाटातून आपली कादंबरी काढली, साहेबांसमोर धरली आणि पोरीचं मोडलेलं लग्न जुळत येईपर्यंतची सगळी गोष्ट त्यांना उभ्यानं सांगितली. शेवटी म्हणाली, "तुमी शिकलेले मानूस. पुढं काय व्हतं ते तरी सांगा."

साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुस्तक घेतलं, चाळलं, बसून चाळलं. माझा चहा निवला तरी चाळतच होते. मग शेरा लिहिला आणि निघाले, आणि कादंबरी त्यांच्या काखेतच गेली. कुणाची मागायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून मंजुळाबाई सकाळी येऊन ओसरीवर बसते आणि माझ्याकडं नुसती बघते.

शेरा वाचून दाखवते: 'वाचनालय उत्तम चालू आहे. वाचकांची गर्दी पाहता जागा अपुरी. स्वतंत्र खोली न केल्यास पुढील हप्त्याचा विचार करावा लागेल.' मी सासूबाईंकडं नुसतं पाहिलं तर त्या म्हणाल्या, "अनुदान सरकारचं असंल, घर माझं हाय."

म्हणून दादा, ठरवलं आहे. येत्या एप्रिलपासून मी हे सोडणार. कुणी समजूत घालू नये, तुम्हीसुद्धा. थकले मी. शिवणयंत्र घेईन, ब्लाउज शिवीन. ब्लाउजची तपासणी करायला साहेब येत नाहीत.

आमच्या दोघांचा पुन्हा एकदा जयभीम. उत्तर पाठवलंत तर जिवाला बरं वाटेल.

तुमची,
संध्या

ता. क. – ग्रामपंचायतीनं समाजमंदिराची मागची खोली द्यायचं तोंडी कबूल केलं आहे. अर्ज मीच लिहून दिला. जाता जाता क वर्गाचाही प्रस्ताव टाकून दिला, कागद तयार होते म्हणून. त्याला पुस्तकं जास्त लागतात. तुमच्या शाळेत जुनी काढून टाकत असतील तर फेकू देऊ नका.

आणखी ता. क. – पाकीट बंद करत होते तेवढ्यात हिरासिंगनं जीपमधून पुडकं आणून दिलं. कादंबरी परत आली, मंजुळाबाई ती घेऊन पळाली. आत साहेबांची चिठ्ठी होती: 'लग्नाच्या मांडवातच पुस्तक संपते. दुसरा भाग आपल्या वाचनालयात आहे काय? असल्यास मी स्वतः येतो.' आपल्याकडं नाही. नांदेडला दुकानात मिळाला तर तातडीनं घ्या, दोन प्रती घ्या. पावती वाचनालयाच्या नावानंच करा.