बाबांची पाठ

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहे, मीही आहे, आणि तू जाताना माझ्या गळ्यात मारून गेलेलं गॅलरीतलं ते मरतुकडं झाडसुद्धा हट्टानं जिवंत आहे. फोन असताना कागद कशाला काळे करायचे, असं तू म्हणणार. तर तू फोन उचलत नाहीस, म्हणून. चुकून उचललास तर आईशी बोलतेस, आणि तेही एवढंच, की पाठ धरलीय, बसवत नाही, पुस्तकाची चित्रं तशीच राहिलीत, नंतर बोलू. तुझं पुस्तक काढणाऱ्या बाईंनी परवा घरी फोन केला होता. चांगल्या वाटल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या विचारत होत्या की ती बरी आहे ना. मी म्हटलं, हो, पाठ धरलीय तिची. ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सफाईनं बाहेर पडलं की माझं मलाच कसंसं झालं.

अक्षर आज नेहमीपेक्षा वाईट आलंय, चालवून घे. टेबल नाही. गुडघ्यांवर कागद धरून लिहितोय, आणि मधूनमधून कुणी आलं-गेलं की पाय आवरून घ्यावे लागतात. मघाशी एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेल्या, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचंच काहीतरी उचलून नेणार आहे. असो. ऊन छान पडलंय. समोरच्या भिंतीवर त्याचा एक तुकडा हळूहळू सरकतोय आणि मी त्याच्याकडे बघत बसलो की लिहायचं राहून जातंय.

तुला आमची नाटकाचे पडदे रंगवायची शेड आठवते का गं? सुट्टीत तू यायचीस, कोपऱ्यात रिकाम्या डब्यांची गाडी करून बसायचीस. छताला काचा होत्या आणि दुपारी त्यातून असा पिवळा उजेड उतरायचा की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. रंगात कालवायचा सरस शिजत असायचा, त्याचा तो घाण वास. आता कुठं आला तर माझ्या डोळ्यांत पाणी येईल, इतका मला तो आवडायचा. कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीवर पसरलेलं, आणि आम्ही मोजे घालून त्याच्यावर उभे, हातात लांब काठीला बांधलेले ब्रश. उभ्या कापडावर रंग ओघळतो, म्हणून आकाश नेहमी जमिनीवर अंथरून रंगवायचं. तू एकदा सगळ्यांसमोर विचारलंस, बाबा, तुम्ही आकाशावर का चालता? सगळी शेड हसली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी रोज काय करतो.

आमच्याकडे एक रीत होती. आकाश एकट्यानं रंगवायचं नाही. एक जण खाली कापडावर आणि एक जण वर, उंच शिडीच्या टोकाशी फळीवर. कारण खालच्याला फक्त पायापुरता निळा दिसतो. ढग होतोय की डाग, त्याला काही कळत नाही. वरचा सांगतो, डावीकडे जा, पुरे, आता थांब, अरे थांब म्हटलं ना. माझा वरचा म्हणजे रंधाकाका. खरं तर तो सुतार, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जिभेनं तासायचा, म्हणून त्याला सगळे रंधा म्हणायचे. रंगाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. वाईट लाकूड झाकायला रंग लागतो, असं तो मोठ्यानं म्हणायचा, आणि चहाचा पेला सांभाळत माझ्यासाठी शिडी चढायचा.

आता पाठीचं सांगतो. आपल्या घरात अधूनमधून बाबांची पाठ धरायची. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आई तोंडावर बोट ठेवून फिरतेय, आणि तू चवड्यांवर चालतेयस. त्या दिवसांत तू मला चित्रं पाठवायचीस. दाराखालच्या फटीतून कागद सरकत आत यायचा. त्यावर एक भलीमोठी पाठ, तिला पट्ट्या बांधलेल्या, आणि शेजारी एक मांजर, ते का असायचं देव जाणे. कागद थोडा आत यायचा आणि मग थांबायचा, कारण तुझं बोट तेवढंच पोचायचं. मी पलंगावरून ते बोट बघायचो.

ठमे, माझी पाठ कधीच दुखली नाही. आजही माझी पाठ उत्तम आहे, हवं तर पाण्याच्या बादल्या उचलून दाखवतो. जे दुखायचं त्याला आपल्या घरात नाव नव्हतं, म्हणून तुझ्या आईनं पाठीचं नाव दिलं, आणि मलाही ते बरं पडलं. पाठ म्हटली की कुणी पुढं काही विचारत नाही. सकाळ व्हायची, आणि ती माझ्यासाठी झालीच नाही असं वाटायचं. पलंगापासून खिडकीपर्यंतचं अंतर एखाद्या गावाइतकं व्हायचं. तुम्हा दोघींचे आवाज यायचे ते शेजारच्यांच्या घरातून आल्यासारखे. रडू आलं असतं तर बरं, तेही येत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात. हे हात कधी काही करत होते, यावर विश्वासच बसेना. वाटायचं, इतकी वर्षं लोकांना फसवलं, आता पितळ उघडं पडलं. तुलाही हेच वाटतंय की नाही मला माहीत नाही. पण वाटत असेल, तर ते माझ्या ओळखीचं आहे, एवढंच सांगतो.

रंधाकाका यायचा. कसा आहेस असं त्यानं एकदाही विचारलं नाही. खुर्ची ओढायचा आणि नटांना शिव्या द्यायचा, व्यवस्थापकाला शिव्या द्यायचा, चहा पिऊन जायचा. एकदा म्हणाला, ऊठ, वर बसायला माणूस नाही. मी म्हटलं, मला ब्रश धरवणार नाही. तो म्हणाला, धरायला कुणी सांगितलंय? नुसता बस. मग मी जायला लागलो. वर फळीवर बसायचो, कधी आडवाच व्हायचो. खाली दुसरा कुणी रंगवत असायचा आणि माझ्याखाली आख्खं आकाश पसरलेलं. त्या पिवळ्या उजेडात पडल्यापडल्या मला कळेनासं व्हायचं की मी त्याच्यावर तरंगतोय की त्याच्याकडे हळूहळू पडतोय. भीती वाटायची नाही. कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली ती तिथं. रंधानं मला दोरीनं फळीला बांधून ठेवलं होतं, गाठोडं बांधतात तसं.

पुढं एक दिवस मी खाली उतरलो आणि ब्रश हातात घेतला. पहाटेचं आकाश होतं, मोठ्या नाटकाचं. वाळलं होतं, फक्त कडेचा काळोख भरायचा राहिला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं. मोजे घालायचे विसरलो, काळ्या-निळ्या रंगाच्या परातीत पाय पडला तेही कळलं नाही, आणि त्या गुलाबी पहाटेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. मागं वळून बघितलं तर पावलं. सगळ्या शेडची मेहनत होती ती. मी तिथंच, आकाशाच्या काठावर, मटकन खाली बसलो आणि रडायला लागलो. एवढा मोठा माणूस, हमसाहमशी. कुणी जवळ येईना. रंधाकाका वर फळीवर होता. मग तो हळूच म्हणाला, वर ये जरा. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, अरे, हे निघालेत कुठंतरी, येऊन बघ तरी.

मी चढलो. आणि खरंच, तेवढ्या उंचीवरून ती पावलं नव्हती. पहाटेतून काळे पक्षी रांगेनं चालले होते, कुणी पुढं, कुणी थोडा मागं रेंगाळलेला. मी खाली येऊन बारीक ब्रशानं प्रत्येकाला पंखाचा एकेक फटकारा दिला, बस. ते नाटक तू बघितलंयस. आईच्या मांडीवर बसून, सगळं थिएटर चिडीचूप असताना, पक्षी! म्हणून ओरडली होतीस. लोकांनी मागं वळून बघितलं. घरी येऊन तू ते पक्षी काढलेस आणि तेव्हापासून तेच काढतेयस. तुझ्या कुठल्याही पुस्तकातला पक्षी बघ, त्याला टाच आहे. तुझे चाहते त्याला तुझी शैली म्हणतात. मी इतकी वर्षं तोंड दाबून हसतोय.

यातून बोध वगैरे काढू नकोस हं. प्रत्येक चुकीचा पक्षी होत नाही. मी नासवलेली कितीतरी कापडं धुऊन सामान झाकायला गेली. आणि त्या पहाटेनंतरही माझी पाठ पुन्हा धरली, पुन्हा सुटली. डॉक्टरीणबाईंकडे गेलो, रंधाच घेऊन गेला, बाहेरच्या बाकावर बसून तिथल्या खिडक्यांच्या सुतारकामाला नावं ठेवत होता. गोळ्या घेतल्या, पाठीच्या म्हणून. त्यांचा उपयोग झाला, बोलण्याचाही झाला. पण मी उठू शकलो ते मुळात वर कुणीतरी बसलं होतं म्हणून. तू कापडावर उभी आहेस, बाळा. तुला आत्ता पायाखालचा डागच दिसणार. त्यावरून आकाशाचा निकाल लावू नकोस.

परवा तू फोनवर आईला म्हणालीस, काही नाही गं, पाठ धरलीय, आणि आईनं फोन ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ती उठली. कपाटावरची माझी पिशवी काढली आणि कपडे भरायला लागली. तर मी आलोय, ठमे. तुझ्याच जिन्यावर बसलोय, तुझ्या दाराबाहेर, सकाळपासून. बेल वाजवणार होतो, पण बोट बटणापर्यंत गेलं आणि आठवलं की आतून त्या बेलचा आवाज कसा लागतो. मग बसलो. आत काहीच हालचाल नव्हती, आणि तेवढा वेळ माझ्या मनात जे येऊन गेलं ते मी लिहिणार नाही. मग तुझा नळ वाजला. थोडं पाणी वाहिलं, थांबलं. जीव भांड्यात पडला, आणि कागद काढून लिहायला घेतलं. आता हे पत्र दाराखालून सरकवतोय. माझं बोट थोडंच आत येईल, तेवढं बघ. दार उघडायची घाई नाही. आवरू नकोस, केस विंचरू नकोस, मला चित्रं दाखवू नकोस. वाटलं तर उघड, नाही वाटलं तर आतून हाच कागद थोडा बाहेर ढकल, म्हणजे मला कळेल. आईनं डबा दिलाय आणि स्वेटरही दिलाय, मला इथं काही कमी नाही. मी वर बसलोय.

जिन्यावरचा, तुझाच
बाबा